लेटरहेडवरचं कोल्हापूर

जून २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्रातून प्राडा या इटालियन कंपनीला एक पत्र गेलं. २२ जूनला मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायांत जे दिसलं, ते ओळखायला कोल्हापूरकराला चष्मा लागला नाही. कंपनीच्या वर्णनात मात्र त्या नुसत्या ‘चामड्याच्या सँडल’ होत्या. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचाही नाही. मग समाजमाध्यमांवर व्हायचं ते झालं. खास कोल्हापुरी शिव्यांनी तीन-चार दिवस मोबाईल तापले. शिव्या कुठं पोचल्या ते प्राडालाच ठाऊक, पण पत्र पोचलं. ते महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अॅग्रिकल्चरचं होतं. चेंबरचे तेव्हाचे अध्यक्ष ललित गांधी स्वतः कोल्हापूरचे. प्राडाचे सामाजिक उत्तरदायित्व विभागाचे प्रमुख लॉरेंझो बर्टेली यांनी त्याला उत्तर दिलं. या सँडलना भारतातल्या पारंपरिक हस्तकलेच्या पादत्राणांवरून प्रेरणा मिळाली, हे त्यात मान्य केलं होतं. जुलैच्या मध्यावर कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांच्या शेजारी बसून काम बघत होती.

त्याच महिन्यात याच विषयावरची एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. भौगोलिक मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दाद मागावी, तुमचा इथे काय संबंध, असा न्यायालयाचा सवाल होता. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर चेंबरचा तरी काय संबंध होता? कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं मानांकन महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी महामंडळांकडे आहे. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. पण पत्र लिहायला अधिकार लागत नाही, खाली ओळखीचा शिक्का लागतो. व्यापारी संस्थेचा सगळा धंदा त्या शिक्क्यावर चालतो.

हा शिक्का आला कुठून, ते बघायला थोडं मागं जावं लागतं. मुंबईत इंग्रज व्यापाऱ्यांचं चेंबर १८३६ पासून होतं. १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर निघालं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर काढलं, कारण मुंबईबाहेरच्या मराठी मुलखातल्या व्यापाऱ्याचं म्हणणं मांडायला कुणी नव्हतं. कोल्हापूरला त्या काळात अशा संस्थेची फारशी गरज भासत नसावी. इथं ते काम दरबार करत होता.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. १८९४ मध्ये गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी दुसऱ्याच वर्षी स्टेशनालगत शाहूपुरीची गूळपेठ वसवली. आजचे नगररचनाकार ‘लॉजिस्टिक हब’ म्हणतात ते हेच. माल जिथं गाडीत चढतो तिथंच त्याचा सौदा व्हायला पाहिजे, हे महाराजांना कुणी अहवाल लिहून सांगितलं नव्हतं. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली, त्याच दशकात राधानगरी धरणाचं काम निघालं. पाणी आलं की ऊस, ऊस आला की गुऱ्हाळ, गुऱ्हाळ आलं की पेठ.

गुऱ्हाळामागोमाग आणखी एक गोष्ट आली. रस काढायला चरक लागतो, चरक फिरवायला पुढं ऑईल इंजिन आलं, आणि दोन्ही मोडतात ती ऐन हंगामात. काहिलीत रस उकळतोय, जंगली भेंडीच्या चिकाने मळी वर आणलीय, गुळव्या चुलवाणाकडं डोळे लावून बसलाय आणि चरकाचा दाता तुटला, तर मुंबईहून सुटा भाग येईपर्यंत थांबणार कोण? तो दाता कोल्हापुरातच ओतायला लागला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं इथं आजही आदरानं घेतली जातात ती याच परंपरेतली. शिवाजी उद्यमनगर त्यातून उभं राहिलं. पुढं गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती झाल्या. आज देशातल्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांचं कास्टिंग इथल्या भट्ट्यांमधून जातं. मुळात तो उद्योग उसाच्या फडाच्या कडेला जन्मला.

१ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि दरबार गेला. अडचण सांगायची तर आता कलेक्टर कचेरी, मग मंत्रालय, मग दिल्ली. एकटा व्यापारी तिथं जाऊन काय करणार? बरं, कोल्हापूरचा व्यापारी एकटाही नाही, गटागटाने आहे. गुजरीतल्या सराफांचा संघ वेगळा, लक्ष्मीपुरीतल्या धान्यवाल्यांचा वेगळा, हॉटेलवाल्यांचा, बिल्डरांचा वेगळा. उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, गोकुळ शिरगावात ‘गोशिमा’, शिरोलीत ‘स्मॅक’. चार कोल्हापूरकर जमले की संघटना आणि पाचवा आला की कृती समिती, असं आम्हीच आमच्याबद्दल म्हणतो. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं हे कोल्हापूर चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीजचं पहिलं काम. त्या टेबलावर चहा गार होतो, पण ठराव होतो.

रोजचं काम तसं रुक्ष आहे. घरफाळ्याची वाढ, परवान्याची फी, पार्किंग, जीएसटीची नोटीस, वीजदराची सुनावणी, निर्यातदाराला लागणारा मूळ देशाचा दाखला. बाहेरच्याला यात काही रस वाटणार नाही. पण एक उदाहरण घ्या. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि गुळावर पाच टक्के जीएसटी आला. मर्यादा पंचवीस किलोची. कोल्हापूरच्या बाजारातला जुना गूळरवा तीस किलोचा, म्हणजे तो कराबाहेर. तोच गूळ शेतकऱ्याच्या पोराने एक किलोच्या खोक्यात भरला, वर नाव छापलं, की कर लागू. शेतमालाला ब्रँड करा म्हणून भाषणं देणारं आणि ब्रँड केल्यावर कर घेणारं सरकार एकच. अशी गाठ नेमकी कुठल्या ओळीत बसली आहे ते शोधून, मुद्देसूद कागद करून, योग्य टेबलावर ठेवणं हे चेंबरचं काम. कागद प्रत्येक वेळी चालतो असं नाही. ही गाठ तर सुटलेली नाही.

कागद चालला नाही की कोल्हापूर रस्त्यावर येतं, आणि त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. जकात गेली नि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला तेव्हा राज्यभरचे व्यापारी उठले, इथल्या पेठाही बंद झाल्या. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी सरकारने काढला. त्याहून मोठी लढाई टोलची. शहरातल्या शहरात जायला टोल, ही कल्पना ज्याला सुचली त्याने कोल्हापूर पाहिलेलं नसावं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे डावे नेते पुढं, पेठांमधली तालीम मंडळं मागं, आणि दुकानाचं शटर ओढून व्यापारीही सामील. डाव्यांच्या मोर्चात व्यापारी हे दृश्य इतर शहरांत सहसा दिसत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली.

बंदचा एक हिशेब मात्र चेंबरच्या ठरावात कधी लिहिला जात नाही. दुकानदाराचं गिऱ्हाईक उद्या येतं. हमालाची आजची हजेरी गेली ती गेलीच.

उद्योजकांची तऱ्हा वेगळी. भट्टीत लोखंड वितळवायचं तर वीज हाच मोठा खर्च, आणि कर्नाटकची हद्द तासाभराच्या आत. २०१३ च्या सुमारास वीजदरवाढीला कंटाळून इथल्या उद्योजकांनी ‘आम्ही चाललो निपाणीकडं’ असं जाहीर केलं. कर्नाटक सरकारनेही तवंदी घाटाजवळच्या जागेची तयारी दाखवली. बहुतेक भट्ट्या कोल्हापुरातच राहिल्या. घर सोडून जाण्याची धमकी थोरल्या भावाने द्यावी तसं ते होतं. जायचं नव्हतं, पण घरच्यांनी ऐकावं असं वाटत होतं.

काही मागण्यांना वेळ लागतो. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांचे वकील चार दशकांहून अधिक काळ लढले. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं, आणि लॉजवाल्यापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांनी नवा हिशेब मांडला. विमानतळ १९३९ पासूनचा, पण त्याला नवी टर्मिनल इमारत मिळायला २०२४ उजाडलं. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे अजून कागदावर आहे. ती झाली तर कोल्हापूरचा माल थेट कोकणच्या बंदरांकडं उतरेल. या मागणीची पत्रं किती गेली याचा हिशेब कुणी ठेवला असेल असं वाटत नाही.

पुन्हा चपलेकडं येतो, कारण कुठल्याही चेंबरच्या ताकदीसोबत मर्यादाही तिथंच दिसते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं म्हशीचं कातडं. रापीने तळ कापायचा, आरीने भोक पाडायचं, कातड्याचीच वादी ओवून शिवण घालायची. अस्सल जोडीत खिळा नसतो. वर वेणी, गोंडा. हे काम जवाहरनगर, सुभाषनगरातल्या घरांत चालतं आणि माल विकला जातो तो अंबाबाईच्या देवळाजवळच्या चप्पल लाइनीत. शिवणारा आणि विकणारा बहुतेक वेळा वेगळे. चेंबरच्या टेबलाशी विकणारा पूर्वीपासून आहे. शिवणाऱ्याला तिथली खुर्ची प्राडामुळं दिसली. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा, लिडकॉम आणि लिडकर यांच्यात करार झाला. दोन हजार जोड, जोडीची किंमत सुमारे आठशे युरो, असं जाहीर झालं. आठशे युरोतले किती रापीपर्यंत येणार, हे विचारणारं पत्र आता इथल्याच कुणीतरी लिहायला हवं. त्यासाठी मिलानचा पत्ता शोधावा लागणार नाही.

आणि एका प्रश्नावर तर टेबलच दुभंगतं. कोल्हापूर महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली. क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि तेव्हापासून हद्द एक इंचही वाढलेली नाही. शहरातला व्यापारी म्हणतो, हद्दवाढ करा, नाहीतर निधी येत नाही, जागा नाही. भोवतालची गावं म्हणतात, तुमचा घरफाळा तुम्हालाच लखलाभ. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे उद्योजक म्हणतात, आमच्या वसाहतींना त्यात घेऊ नका. २०१७ मध्ये बेचाळीस गावांसाठी विकास प्राधिकरण काढून सरकारने विषय बाजूला सारला, पण विषय हटला नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडून पंचावन्न फुटांच्या पुढं गेली. शाहूपुरीत पाणी आलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि पुणे-बंगळूर वाहतूक दिवसच्या दिवस ठप्प झाली. पाण्याने मनपाची हद्द कुठली आणि ग्रामपंचायतीची कुठली ते पाहिलं नाही. मग पूररेषेच्या बाहेर, उंचावर बाजार हलवायचा तर ती जागा कुणाच्या हद्दीत? चेंबरच्या बैठकीत हा विषय निघतो तेव्हा व्यापारी, उद्योजक आणि बिल्डर तिघंही बोलतात, आणि पत्राचा मजकूर पुढच्या बैठकीवर जातो.