पीसी म्हणजे माठ नव्हे: कस्टम वॉटर कूलिंगबद्दल थोडं खरं खरं

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि लेक्चर चालू असताना गुपचूप वाचणाऱ्यांसाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात मी माझ्या पीसीचा फोटो टाकला. काचेचं पॅनल, आत वळणावळणाच्या नळ्या, मध्ये पाण्याची छोटी टाकी. त्यावर इतके मेसेज आले की विचारू नका, आणि निम्म्यांचा प्रश्न एकच: "दादा, यात पाणी किती थंड ठेवता? बर्फ टाकता का?" त्याच आठवड्यात एक मित्र घरी आला, गेम चालू असताना रेडिएटरला हात लावला आणि ओरडला, "हे तर गरम लागून राहिलं बे! मग पाणी टाकून फायदा काय?"

तर इथूनच सुरुवात करू.

आपल्या डोक्यात पाणी म्हणजे गारवा असं गणित पक्कं बसलंय, कारण आपण माठ पाहिलाय, कूलर पाहिलाय. पण माठातलं पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळे. थोडं पाणी झिरपून बाहेर येतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कूलरच्या खसेतही तेच होतं. पीसीच्या लूपमध्ये मात्र पाणी बंद नळ्यांत फिरतं, एक थेंबही उडत नाही (उडायला लागला तर समजा कार्यक्रम झाला!). त्यामुळे लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. पाण्याचं काम हमालाचं आहे. चिपवरची उष्णता उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची, तिथे पंख्यांच्या हवेत टाकायची आणि परत फिरायचं. रेडिएटर गरम लागला म्हणजे हमाल कामावर आहे. मित्राचा हात भाजला नाही, पण मुद्दा त्याने बरोबर पकडला होता.

आणि हमाल म्हणून पाणी जबरदस्त आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते साधारण साडेतीन हजार पट उष्णता धरून ठेवतं. माझ्या पीसीत आरटीएक्स ३०८० आहे, ते एकटंच ३२० वॅट खातं. गेम खेळताना प्रोसेसरचे ७०-८० धरले तर झाले ४०० वॅट. मिनिटाला १ लिटर पाणी फिरलं तर ही सगळी उष्णता घेऊन पाण्याचं तापमान वाढतं जेमतेम पावणेसहा अंश. मिनिटाला ३ लिटर फिरलं तर २ अंशही नाही. म्हणूनच "आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड?", "दोघांच्या मध्ये रेडिएटर हवाच ना?" हे वाद निरर्थक आहेत. संपूर्ण लूपमध्ये पाणी जवळपास सारखंच गरम असतं. नळी जिथून सोपी जाते तिथून न्या. क्रमाचा एकच नियम पाळायचा: टाकी पंपाच्या अगोदर आणि पंपापेक्षा वर, म्हणजे पंपाला कायम पाणी मिळत राहील. हे पंप आतल्या पाण्यावरच वंगण आणि गारवा मिळवतात. कोरडे चालले की लगेच खराब होतात.

आता तुम्ही म्हणाल, मग तू हा खटाटोप केलास कशाला? फ्रेम्ससाठी नाही. खरं सांगतो, फ्रेम्स दोन-चारच वाढल्या. मी ज्या खोलीत गेम खेळतो, त्याच खोलीत हा पॉडकास्ट रेकॉर्ड करतो. एडिटिंग चालू असताना कार्डाचे तीन पंखे असे किंचाळायचे की जुन्या एपिसोड्समध्ये मागे पिठाची गिरणी चालू आहे असं वाटतं. (काहींनी विचारलंही होतं.) आता एक ३६० मिमी आणि एक २४० मिमी असे दोन रेडिएटर आहेत, त्यांवर पाच मोठे पंखे सावकाश फिरतात. मोठा पृष्ठभाग, हळू हवा, कमी आवाज. वॉटर कूलिंगचा खरा फायदा हा एवढाच आहे.

आणि अकोल्यात राहणाऱ्याने हे केलं की काय होतं तेही ऐका. डिसेंबरात खोली २४ अंशांवर असते, तेव्हा लूपमधलं पाणी ३३ आणि कार्ड ४६ च्या आसपास. मजा येते बघायला! मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५. कूलर लावून खोली ३६ वर आणली तर पाणी ४५ आणि कार्ड ५८-५९. कूलर बंद असेल तर याच्याही वर. पाणी खोलीच्या वर ९-१० अंशांवर बसून राहतं, खोली चढली की तेही चढतं. चिपला याने काही होत नाही, ३०८० ची मर्यादा ९३ अंश आहे. पण पंप आणि नळ्यांना होतं. या पंपांसाठी ६० अंशांच्या पुढचं पाणी नको असतं, आणि पीईटीजीच्या कडक नळ्याही तिथे मऊ पडायला लागून जोडातून सरकू शकतात. म्हणजे उन्हाळ्यात चिपच्या आकड्याकडे बघत बसू नका, पाण्याचा आकडा बघा. मी लूपमध्ये एक तापमानाचा सेन्सर बसवलाय आणि पाणी ५५ ला पोहोचलं की पीसी आपोआप बंद होतो. सेन्सर स्वस्त असतो, तो टाळू नका.

एकाने विचारलं होतं की कूलरच्या दमट हवेने नळ्यांवर दव जमेल का? नाही जमणार. दव जमायला वस्तू हवेपेक्षा थंड लागते, आणि आपला लूप खोलीपेक्षा गरमच असतो. फक्त कूलर थेट पीसीवर रोखू नका. बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार रेडिएटरच्या पात्यांवर पांढरा थर चढवतात.

आता मूळ गोष्ट. फोटोतला लूप माझा दुसरा आहे. पहिल्याने माझं कार्ड मारलं.

तेव्हा पैसे जोडून जोडून पार्ट घेत होतो. ब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारा धातूचा तुकडा, चांगला तांब्याचा घेतला. रेडिएटरपर्यंत येईतो खिसा रिकामा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे निम्म्या किमतीत मिळाला. वर्णनात "तांबं" लिहिलं होतं, मी मेसेज करून विचारलंही, उत्तर आलं, "सब चलता है भाई." पाणी म्हणून मी दुकानातून बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणला. लेबलसुद्धा धड नव्हतं. त्यात दुसरं काहीच घातलं नाही.

सात महिने छान गेले. मग कार्डाचं तापमान हळूहळू चढायला लागलं, ५२ चं ५८, मग ६८. मी पेस्ट सुकली असेल म्हणून टाळत राहिलो. एका रात्री एपिसोड एडिट करताना स्क्रीन काळी झाली. काचेतून बघितलं तर वरच्या रेडिएटरमधून थेंब सुटून कार्डाच्या पाठीवर पडत होते.

रेडिएटर ॲल्युमिनियमचा निघाला. शाळेत विद्युतघट केलेला आठवतोय? दोन वेगळे धातू आणि मध्ये द्रावण. तांबं, ॲल्युमिनियम आणि पाणी हे तेच त्रिकूट. त्यात वीज तयार होते आणि किंमत मोजतो तो ॲल्युमिनियम, तो विरघळत जातो. ब्लॉक उघडला तर केसाएवढ्या खाचांमध्ये पांढरा चिकट गाळ भरला होता, म्हणून तापमान चढत होतं. रेडिएटरला आतून सुईएवढं भोक पडलेलं. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही हे खरं, पण सात महिने धातू खाल्लेलं पाणी शुद्ध कुठलं? वॉरंटीचं विचारलं तर मूळ कूलर काढलेला होता, विषय संपला. मी कार्ड टेबलावर ठेवून दोन दिवस नुसतं बघत होतो. घरी कुणाला सांगितलंही नाही.

"मग दुकानात मिळणाऱ्या तयार कूलरमध्ये तर ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक बऱ्याचदा असतो?" असतो. पण त्यात कंपनीने गंजरोधक रसायन घालून तो कायमचा बंद केलेला असतो. आपल्या लूपमध्ये ती जबाबदारी आपली.

तर रेडिएटर घेताना आटे बघा. तोंडातून मोबाइलचा टॉर्च मारा, आटे आणि आतला भाग पितळेसारखा पिवळा दिसला पाहिजे. चांदीसारखा दिसला तर परत करा. वजनही सांगतं, तांब्या-पितळेचा रेडिएटर हातात जड लागतो. चुंबकाचा उपयोग नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. पाणी म्हणून लूपसाठीचंच तयार द्रव वापरा, किंवा खात्रीचं डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक दोन्ही घाला. आरओचं पाणी चालणार नाही, त्यात क्षार उरतात. आणि ते दुधाळ रंगीत द्रव रीलमध्ये फार सुंदर दिसतात, पण काही महिन्यांत त्यांचा रंग खाली बसतो आणि खाचा भरतात. माझं पाणी बिनरंगी आहे, लाइट निळा आहे.

दुसऱ्या वेळी मी तेच मॉडेल सेकंड हँड शोधलं, कारण ब्लॉक वाचला होता. तांब्याला काही झालं नव्हतं; व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने घासून तो लखलखीत केला. इथे एक लक्षात ठेवा, "३०८० चा ब्लॉक" अशी वस्तू नसते. एकाच चिपची कार्डं प्रत्येक कंपनी वेगळ्या मांडणीत बनवते, ब्लॉक नेमक्या मॉडेलचाच लागतो. मेमरीवरच्या थर्मल पॅडची जाडीही पुस्तिकेत लिहिलीय तीच घ्या. अर्धा मिलिमीटर जास्त झाला की ब्लॉक उचलला जातो, चिपला टेकतच नाही, आणि मग पाणी कितीही फिरवा.

नवा रेडिएटरही आधी धुवायचा. आत झाळकामाची घाण असते. गरम डिस्टिल्ड पाणी भरायचं, खळखळवायचं, ओतायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. जोड हाताने घट्ट करायचे, पाना नको. गळती थांबवण्याचं काम आतली रबरी ओ-रिंग करते, जोर नाही. जास्त पिळलं तर ॲक्रिलिकला तडा जातो. नळीसुद्धा पहिल्यांदा करताना मऊच घ्या. कडक नळ्या हीट गनने वाकवताना माझ्या चार वाया गेल्या, पाचवी जमली.

मग परीक्षा. पाणी भरण्याआधी हवेने तपासा. हातपंप आणि मीटर असलेलं एक छोटं उपकरण मिळतं, लूपमध्ये अर्धा बार दाब भरायचा आणि अर्धा तास काटा बघायचा. काटा हलला तर कुठेतरी गळतंय, आणि तोपर्यंत काहीच ओलं झालेलं नाही! त्यानंतर पाणी. मदरबोर्ड, कार्ड, सगळ्यांच्या वायर काढून ठेवायच्या आणि पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या प्लगला जंपर लावून फक्त पंप चालवायचा. टाकीत पाणी ओतत राहायचं, पातळी उतरली की पंप बंद, परत ओतायचं. पीसी डावीकडे-उजवीकडे कलवला की बुडबुडे सुटतात. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. मी पंप २४ तास तसाच चालू ठेवला आणि रात्री तीनदा उठून टिश्यू चाचपले. आईला वाटलं पोटबिट बिघडलंय.

खर्चाचं विचारताय, तर कार्ड सोडून नुसत्या लूपचे मी ५८ हजार घातले. पहिल्या वेळचे बुडाले ते वेगळे. तुमचं एकूण बजेट लाखभर असेल तर हे करू नका, त्याच पैशात एक पायरी वरचं कार्ड आणि साधा हवेचा कूलर घ्या, गेम जास्त छान चालेल. आणि खोली गार होईल या आशेनेही करू नका. ४०० वॅट पाण्यातून गेले काय, हवेतून गेले काय, खोलीतच येतात. माझ्या आईचं म्हणणं की "तुझ्या खोलीत हिवाळ्यातच बसावं", ते लूपनंतरही कायम आहे.

वर्षातून एकदा पाणी बदलायचं, म्हणून सर्वांत खालच्या जोडाला निचऱ्याची तोटी आत्ताच लावून ठेवा. नंतर ती लावायला अख्खा लूप उघडावा लागतो. माझं पाणी या रविवारी बदलायचंय. बाहेर आलेलं पाणी पांढऱ्या स्टीलच्या वाटीत धरून फोटो टाकतो, कसं निघालं ते तुम्हीच बघा.