पालघरच्या प्राध्यापकांचा आठवडा

पालघर-बोईसर रस्त्यावरच्या कोळगावात आता जिल्ह्याचे मुख्यालय आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. इथली महाविद्यालये मात्र आजही १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचे कामकाज फोर्ट आणि कलिना इथून चालते. त्याच विद्यापीठाचा अभ्यासक्रम पालघरमध्ये शिकवणाऱ्यांचा दिवस कसा जातो, याची फारशी चर्चा होत नाही.

तासांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने १४ तास शिकवायचे असते. एवढेच वाचून "दिवसाला तीन तासांची नोकरी" असे लोक म्हणतात. हा समज चुकीचा आहे आणि अन्यायकारकही आहे. त्याच नियमांत आठवड्याचे एकूण काम किमान ४० तासांचे धरले आहे. तासाची तयारी, प्रात्यक्षिके, जर्नल तपासणे, महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे, राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, प्रवेशाच्या दिवसांतली धावपळ हे सगळे त्यात येते.

इथे आणखी एक काम वाढते, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून येणारी बरीच मुले मराठी माध्यमातून शिकलेली आणि घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेली असतात. पुस्तक उघडले की समोर इंग्रजी. मग वाणिज्याचे सर उदाहरणाला सातपाटीची मासेमारी बोट घेतात: आज घेतलेली बोट पाच वर्षांनी त्याच किमतीला विकली जाईल का? उत्तर वर्गातूनच येते. त्यानंतर फळ्यावर 'घसारा', त्याखाली 'डिप्रिसिएशन', आणि शेवटी परीक्षेत लिहायचे वाक्य. एका संकल्पनेला अख्खा तास जातो. माझ्या मते, अध्यापनाचा खरा कस इथेच लागतो.

उत्तरपत्रिका

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला सुरुवात केली. त्या वर्षी निकाल कमालीचे लांबले आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्याआधी प्राध्यापक कागदावर लाल पेनाने गुण देत. आता स्कॅन केलेली पाने एकामागून एक पडद्यावर येतात. वर्गाचे तास आटोपून तपासणी केंद्रावर बसायचे, घाईत लिहिलेले फिकट अक्षर लावायचे आणि तरीही अर्ध्या गुणाचा न्याय चुकू द्यायचा नाही, हे डोळ्यांचे आणि मनाचेही काम आहे.

लोकल आणि घर

पालघर चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, त्यामुळे वसई-विरार, बोरिवलीहून रोज ये-जा करणे शक्य झाले. पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. एक चुकली की पहिला तास जातो. संध्याकाळी घरी पोचल्यावर मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, मग उद्याच्या तासाचे वाचन. पीएच.डी. करणाऱ्याचे लेखन याच्याही नंतर सुरू होते. घरची जबाबदारी अजूनही मुख्यतः बाईवर पडत असल्याने प्राध्यापक बाईंचे संशोधन मागे पडते. त्या कमी पडतात म्हणून नव्हे. बोईसर किंवा पालघरमध्येच राहणाऱ्यांची प्रवासाची दगदग वाचते, तरी कलिन्यात बैठक असली की त्यांचाही दिवस गाडीतच जातो.

एकाच स्टाफरूममधल्या दोन नोकऱ्या

सातव्या वेतन आयोगानुसार पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. शेजारच्या खुर्चीवर तासिका तत्त्वावरची व्यक्ती असते: पात्रता तीच, वर्ग तोच, पैसे मात्र घेतलेल्या तासांचेच. सुट्टी लागली की उत्पन्न थांबते. अशा माणसाला गृहकर्ज मिळणे कठीण, लग्न ठरवताना प्रश्न, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही. रिक्त पदे भरण्याऐवजी वर्षानुवर्षे याच मार्गाने वर्ग चालवणे हा शिक्षकांवर आणि विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

या वाटेने येणाऱ्यांसाठी

पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे सोनोपंत दांडेकर याच भागातल्या माहीमचे. पालघरचे महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. त्यांच्या वाटेने आज या व्यवसायात येण्यासाठी नेट किंवा सेट द्यावी लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. परीक्षा जरूर द्या. पण जाहिरात पाहिल्यावर दोन गोष्टी आधी लेखी विचारून घ्या: जागा अनुदानित आहे का, आणि ती पूर्णवेळ आहे का.