गाडी पळवायची, तर आधी परीक्षा

डिंभ्याहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. पावसाळा लागला, पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या, की आपल्या पोरांच्याही अंगात वारे शिरते. वळणावर मोटारसायकल आडवी करून दाखवायची, मागे दोन मित्र, डोक्याला हेल्मेट नाही. घरचे म्हणतात, वय आहे, जाईल.

मंडळी, कायदा असे म्हणत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर पहिल्या खेपेसच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला, तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही.

हौस खरी असेल, तर तिला सरळ वाट आहे. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीच्या उंचवट्यांवरून मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या. डांबरी ट्रॅक मात्र लांब आहेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे. या खेळाचा परवाना 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' ही संस्था देते. आरटीओचा परवाना वेगळा, हा वेगळा. नवख्याने आधी मान्यताप्राप्त शाळेत शिकायचे, लेखी परीक्षा द्यायची, डॉक्टरचा दाखला आणि रक्तगट जोडायचा. मूल अज्ञान असेल, तर पालकांची सहीही लागते.

लेखी परीक्षेत सर्वांत जास्त घोळ होतो तो निशाणांचा. आपल्याला ही भाषा नवी नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण तुम्ही ओळखता: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. (हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.) ट्रॅकवर रंगांचे अर्थ वेगळे. पिवळे हलले, की पुढे धोका आहे. वेग कमी करा, कोणालाही ओलांडू नका. पिवळ्यावर लाल पट्टे दिसले, तर रस्त्यावर तेल वा माती सांडली आहे. निळे म्हणजे मागून जलद गडी येतोय, आपली रेघ सोडू नका, त्याला जाऊ द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली, सावकाश परत फिरा. काळ्यावर नारिंगी गोळा आणि तुमचा क्रमांक दिसला, की तुमच्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅकबाहेर या. नुसते काळे आणि क्रमांक, तर तुम्हाला बोलावणे आहे. चौकटीचे आले, की शर्यत संपली.

बाकीचे प्रश्न अकलेचे असतात. सुटण्याच्या जागी गाडी बंद पडली तर? हात वर करा, म्हणजे मागच्यांना कळते. ट्रॅकवर उलट्या दिशेने कधीही जायचे नाही. पडलात, तर आधी कडेला सुरक्षित जागी जा, गाडीच्या मागे धावू नका.

प्रत्यक्ष शिकवणीत मुख्य धडा ब्रेकचा. गाडी थांबवताना वजन पुढे जाते, म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. आपली पोरे मागच्यावरच पाय ठेवून बसतात. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नव्हे. वेग दुप्पट झाला, तर थांबायला चौपट अंतर लागते. हा हिशेब भीमाशंकरच्या रस्त्यावरही तोच आहे.

नियमपुस्तक इंग्रजीत आहे. पोराला त्यातील शब्द वहीत मराठीतून लिहायला लावा, आणि रात्री जेवणे झाली की घरातल्या कोणीही प्रश्न विचारावेत. मुलीला आवड असेल तर तिलाही बसवा. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने 2019 मध्ये बाजा प्रकारातील महिलांचा जागतिक करंडक जिंकला आहे. 2024 च्या डकार रॅलीत हरिथ नोआ हा केरळमधील शोरनूरचा तरुण आपल्या वर्गात पहिला आला.

धोका मात्र लपवू नये. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर शर्यतीत पडून तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. तिथे शिक्षण होते, पोशाख होता, डॉक्टरही होते. म्हणून पालकांच्या सहीच्या कागदाकडे घाईने पाहू नका. आपले बैलगाडेसुद्धा 2014 च्या बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाल्यावर घाटात परतले, ते अटी मान्य करूनच.

खर्चाचे बोलू. एका तुकड्याचे चामडी कपडे, पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट, हातमोजे, बूट, पाठीचे कवच, हे सर्व महाग आहे. एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरत नाहीत, वरून ते कितीही धड दिसो. त्यासाठी जमीन गहाण टाकू नका. काही कंपन्या आपल्याच गाड्यांच्या शर्यती भरवतात, नवख्यांची निवड चाचणी घेतात आणि गाडी पुरवतात. तिथून सुरुवात करावी. मोटारसायकलचा नेहमीचा विमा शर्यतीतले नुकसान भरून देत नाही. तेव्हा रोज डेअरीला दूध घेऊन जाणारी गाडी ट्रॅकवर पाठवू नका.