ज्या गेममध्ये कुणी मरत नाही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्यावर संध्याकाळी चार पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली दिसली, की मोठ्यांच्या तोंडी ठरलेलं वाक्य येतं: "बसले पब्जी खेळत." पोरं खरोखर काय खेळताहेत ते कुणी वाकून बघत नाही. गेम म्हणजे बंदूक, गेम म्हणजे आरडाओरडा, गेम म्हणजे वाया गेलेलं पोर, ही गाठ मनात पक्की बसली आहे.

पण व्हिडिओ गेमचं एक मोठं दालन असं आहे, जिथे कुणाला मारायचं नसतं. तिथे अनोळखी मुलखात फिरायचं, बघायचं, शोधायचं, वाटेत भेटणाऱ्यांशी बोलायचं. जगभरात कोट्यवधी लोक असे गेम आवडीनं खेळतात. आपल्याकडे मात्र त्यांच्याविषयी माहिती कमी आणि समजुती जास्त. त्यातल्या ठळक समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज 1: मारामारी नसलेले गेम चालत नाहीत.

वस्तुस्थिती: 1993 साली अमेरिकेतल्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी 'मिस्ट' नावाचा गेम काढला. एक निर्जन बेट, काही बंद दारं, काही जुनी पुस्तकं आणि एक कोडं. हातात शस्त्र नाही, मागे शत्रू नाही, डोक्यावर घड्याळाची टिकटिक नाही. हाच गेम पुढे कित्येक वर्षं संगणकावरचा सर्वाधिक खपाचा गेम होता. 2002 मध्ये त्याला मागे टाकलं ते 'द सिम्स'नं, आणि तोही घर-संसाराचा गेम. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 2012 मध्ये पहिल्यांदा 14 व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यात 'मिस्ट' आहे.

त्याच वर्षी आलेल्या 'जर्नी'मध्ये खेळणारा वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जातो. वाटेत दुसरा एखादा खेळाडू भेटतो. त्याचं नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक मंजुळ साद घालता येते. तरीही दोघं एकमेकांना सांभाळत पुढे जातात. या गेमच्या संगीताला ग्रॅमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. मूळ पार्श्वसंगीताच्या गटात नामांकन मिळालेला तो पहिला व्हिडिओ गेम. आणि ज्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती खपल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं, त्या 'माइनक्राफ्ट'मध्येही 'पीसफुल' हा पर्याय आहे. तो निवडला की हल्ला करणारे राक्षस येतच नाहीत. खणावं, बांधावं, हिंडावं.

गैरसमज 2: शत्रू नाही, गुण नाहीत, मग मजा कसली?

वस्तुस्थिती: हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून इथे थोडं थांबून एक गेम जवळून पाहू. 'अ शॉर्ट हाइक' हा गेम 2019 साली ॲडम रॉबिन्सन-यू या एका माणसानं मुख्यतः एकट्यानं घडवला. पुढच्या वर्षी स्वतंत्र गेमकारांच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातली नायिका क्लेअर ही पक्षीण. ती सुट्टीत एका डोंगराळ बेटावर आली आहे. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट आहे, पण बेटावर रेंज नाही. रेंज मिळते ती फक्त शिखरावर. बस्स, एवढीच गोष्ट. रेंजसाठी गच्चीवर नाहीतर टेकाडावर चढलेल्या आपल्या माणसाला क्लेअरची अडचण समजावून सांगावी लागत नाही.

चढायला सोनेरी पिसं लागतात. जितकी पिसं जास्त, तितका वेळ कड्याला धरून वर चढता येतं. ही पिसं बेटभर विखुरलेली आहेत, म्हणून माणूस सरळ वर न जाता आडवाटेला लागतो. तिथे कुणी चित्र काढत बसलेलं भेटतं, कुणाची डोक्याची पट्टी हरवलेली असते, कुणी गळ कसा टाकायचा ते शिकवतं. पडलात तरी मरण नाही. खाली आलात की पुन्हा चढा. शिखरावर फोन लागतो. तो कुणाचा, ते इथे सांगून रस घालवत नाही. त्यानंतर पंख पसरून त्याच बेटावरून तरंगत खाली येता येतं आणि तासाभरापूर्वी ज्या दगडाला, ज्या ओढ्याला आपण अडलो होतो, तो वरून ओळखू येतो.

मजा आहे ती या ओळखू येण्यात. सुरुवातीला परका असलेला मुलूख हळूहळू आपला होतो. वळणापलीकडे काय असेल ही उत्सुकता, ते स्वतःच्या पायानं शोधल्याचं समाधान आणि घाई नसल्यामुळे नजरेला मिळालेली मोकळीक, या तीन गोष्टींवर असे गेम उभे असतात. शत्रू काढून टाकला की खेळणाऱ्याचं लक्ष जिवाच्या भीतीतून सुटतं आणि आजूबाजूला जातं. म्हणूनच या गेमचे निर्माते उजेड, वारा, पावलांचा आवाज, पाण्याचा रंग यांवर एवढी मेहनत घेतात.

गैरसमज 3: हे परदेशी खूळ आहे, आपल्या मातीत बसत नाही.

वस्तुस्थिती: आपल्या सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते. पुण्याचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी मोक्षपटाच्या जुन्या प्रती शोधून त्यांचा अभ्यास केला. सोंगट्यांच्या खेळात समोरच्याची सोंगटी मारावी लागते. मोक्षपटात तसं काही नाही. घराघरांवर सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले. शिडी वर नेते, साप खाली आणतो, आणि प्रत्येकाची वाटचाल स्वतःची. दुसऱ्याला पाडल्याशिवाय खेळ रंगतो, हे आपल्या पूर्वजांना पुरतं ठाऊक होतं.

शिवाय आपल्याच जिल्ह्यातलं नरसी हे नामदेव महाराजांचं जन्मगाव मानलं जातं. ते पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. वाट चालत राहण्याला आपल्या भागात कुणी रिकामपणा म्हणत नाही. मग पडद्यावरच्या वाटेवर मूल रमलं, तर ती ओढ परकी कशी म्हणायची?

गैरसमज 4: यातून शिकायला काही मिळत नाही.

वस्तुस्थिती: खेळातून दर वेळी काही शिकलंच पाहिजे असा हट्ट नसावा, आनंद हेही पुरेसं कारण आहे. तरीही उदाहरणं बघा. 'जिओगेसर' हा 2013 सालचा गेम तुम्हाला जगातल्या कुठल्या तरी रस्त्यावर उभं करतो. आजूबाजूला बघून जागा ओळखायची. रस्त्यांची ही दृश्यं येतात ती गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू सेवेतून. ती भारतात जुलै 2022 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही आपली चार होती. अशा खेळात बोर्डावरची लिपी, मातीचा रंग, पीक, रस्त्याकडेचा दगड, सगळं कामी येतं. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा. हिंगोली-वाशीम रस्त्यानं रोज जाणाऱ्या मुलानं तो दगड शंभरदा पाहिलेला असतो. खेळताना तो पहिल्यांदा वाचतो.

'असॅसिन्स क्रीड' ही मालिका तलवारबाजीची म्हणून प्रसिद्ध. पण तिच्या निर्मात्यांनी 2018 मध्ये प्राचीन इजिप्तचं तेच जग लढाया काढून, निव्वळ माहितीपूर्ण सहलींसाठी खुलं केलं. संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटॅट संस्थेनं 2012 पासून 'ब्लॉक बाय ब्लॉक' उपक्रमात 'माइनक्राफ्ट' वापरलं. वस्तीतले लोक, मुलं-बाया धरून, आपल्या मोकळ्या जागेचा आराखडा त्यात स्वतः रचतात. मुंबईतही या पद्धतीनं काम झालं आहे.

गैरसमज 5: हिंसक गेमनं मूल हिंसक होतं, म्हणून उतारा म्हणून शांत गेम द्यावेत.

वस्तुस्थिती: विज्ञान इतकं सरळ बोलत नाही. 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे एक हजार ब्रिटिश किशोरवयीन मुलांची पाहणी केली, मुलांसोबत पालकांनाही विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2020 मध्ये म्हटलं, की ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण गुन्हेगारी हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. शांत गेम हे मनाचं औषध आहे, असाही पुरावा नाही. 2021 मध्ये 'ॲनिमल क्रॉसिंग'सह दोन गेमच्या खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात खेळण्याचा वेळ आणि बरं वाटणं यांच्यात किंचित संबंध दिसला. पण 2022 मध्ये सात गेमच्या सुमारे 39 हजार खेळाडूंवर झालेल्या मोठ्या अभ्यासात खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. तेव्हा भीतीपोटी हे गेम निवडू नका. ते सुंदर आहेत, म्हणून निवडा.

गैरसमज 6: शांत गेम आहे ना, मग कितीही वेळ चालेल, पैसेही जात नाहीत.

वस्तुस्थिती: ही समजूत उलट टोकाची आणि तितकीच चुकीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात 1 जानेवारी 2022 पासून गेमिंग विकाराची नोंद आहे. त्यात गेम हिंसक आहे की शांत, हा निकष नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वर ठेवणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर चाललं तर विकार मानला जातो. चार दिवस सुट्टीत मूल रमलं, तर तो विकार नव्हे.

पैशाचंही तसंच. 'स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट' हा मोबाइलवरचा फुकट गेम देखणा आणि मायाळू आहे, अनोळखी मुलं एकमेकांचा हात धरून ढगांतून उडतात. पण आत पोशाख वगैरे विकत घेण्याची सोय आहे. पालकांच्या खात्याला पासवर्ड हवाच. मात्र याची गल्लत रमीसारख्या पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांशी करू नये. त्यांच्यावर केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंदी आली आहे. फिरण्या-शोधण्याचे गेम त्या गटात मोडत नाहीत.

गैरसमज 7: यासाठी महागडं यंत्र आणि भरपूर नेट लागतं.

वस्तुस्थिती: काहींना लागतं, सगळ्यांना नाही. 'ऑल्टोज ओडिसी' एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतो आणि अँड्रॉइडवर जाहिरातींसह फुकट आहे. वाळूच्या टेकड्यांवरून घसरत जायचं, बोटानं एकच टिचकी मारायची. त्यातला 'झेन मोड' निवडला की गुण नाहीत, नाणी नाहीत. पडलात तरी उठून तिथूनच पुढे. दिवस मावळतो, चांदणं पडतं, वादळ येतं आणि जातं. 'मॉन्युमेंट व्हॅली' थोडे पैसे मोजून घ्यावा लागतो, पण साध्या मोबाइलवरही त्यातले दृष्टिभ्रमाचे मनोरे छान उलगडतात.

गेम घेण्याआधी प्ले स्टोअरवर दोन गोष्टी बघा. एक, वयाची खूण: 3+, 7+, 12+, 16+ की 18+. दोन, आत खरेदी आहे का, याची सूचना. दोन्ही इन्स्टॉलच्या बटणाजवळच लिहिलेल्या असतात.

एवढं केलं तरी पुरत नाही. पोराजवळ दहा मिनिटं बसा. "बंद कर ते" म्हणण्याआधी "दाखव, कुठं पोचलास?" असं विचारा. ज्या गेममध्ये कुणी मरत नाही, त्यात सांगण्यासारखं खूप असतं: कुठली वाट सापडली, कुठे अडलं, त्या बुरुजामागे काय निघालं. मूल हे सांगू लागलं की ते नीट बघायला शिकलं आहे हे लक्षात येतं. आणि नीट बघता येणाऱ्या मुलाला आपलं गाव, पैनगंगेचा काठ, पलीकडचा विदर्भ, हे सगळंही कधी ना कधी बघावंसं वाटणार. त्याची ही हौस मोडू नका. तिला चांगला गेम द्या, ठरलेली वेळ द्या आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरची खरी वाटही द्या.