इगतपुरीकरांनो, ऑस्लोला जाताय? मग एक नंबरची मेट्रो पकडा

कसारा घाटात मागून बँकर इंजिनं लागताना बघत मोठे झालेले आपण! १८६५ पासूनचा आपला थळ घाट, चढ ३७ ला १. अशा माणसाला नॉर्वेच्या राजधानीत आधी काय दाखवावं? माझं उत्तर: मेट्रो.

ऑस्लोची एक नंबरची मेट्रो शहराच्या मध्यातून निघते आणि वळणं घेत डोंगरात चढत राहते. या मार्गाचा पहिला टप्पा १८९८ मधला. वाटेत होल्मेनकोलनला स्की जंपिंगचा प्रचंड मनोरा लागतो, शेवटचं स्टेशन फ्रोग्नरसेटेरेन. उंची ४६९ मीटर, म्हणजे आपल्या इगतपुरीपेक्षा कमीच! पण खाली अख्खा फियोर्ड पसरलेला दिसतो आणि पाठीमागे नूरमार्काचं जंगल सुरू होतं. हिवाळ्यात डब्यात लोक स्की घेऊन उभे असतात.

शहर महाग आहे, हॉटेलात जेवताना घाम फुटतो. पण नळाचं पाणी बिनधास्त प्या. विगेलँडच्या दोनशेहून अधिक शिल्पांच्या बागेला तिकीट नाही. ऑपेरा हाउसच्या उतरत्या पांढऱ्या छतावर चालायलाही पैसे लागत नाहीत. शहराच्या साध्या तिकिटावर बेटांवर जाणारी बोटही चालते. होवेडोया बेटावर ११४७ मधल्या मठाचे अवशेष आहेत, तिथे डबा खा.

एक दिवस हाताशी असेल तर बर्गनची गाडी पकडा. १९०९ चा हा मार्ग फिन्से स्टेशनात १,२२२ मीटरवर पोचतो. खिडकीची जागा मिळवाच.