माळरान आणि शेती – लेखांक 7
काळविटावर गोळी कोणती, आणि का नाही

रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी झाली, हरभऱ्याला घाटे धरले की कर्जत आणि श्रीगोंदा तालुक्यांतल्या गावांत दरवर्षी एक मागणी पुन्हा वर येते. हरणांचे कळप रात्रीतून पीक फस्त करतात, तेव्हा शेतकऱ्याला शस्त्र परवाना द्या आणि गोळी घालू द्या. ज्यांच्याकडे स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्वर आहे त्यांचा पुढचा प्रश्न असतो, त्यात कोणते काडतूस चालेल? या मागणीमागचे नुकसान खरे आहे, म्हणून तिला भावनेने उडवून लावणे योग्य नाही. शिकारीच्या शास्त्रात काडतूस कसे निवडतात ते नीट समजून घेतले, तर त्याच कसोट्या आपल्याला गोळीपासून दूर नेतात. या लेखांकात तेच मांडायचे आहे.

पिस्तूल किंवा रिव्हॉल्वरने हरणाची शिकार करण्याची पद्धत अमेरिकेत रुजलेली आहे आणि काडतुसांचा सर्वाधिक विचारही तिथेच झाला. तिथल्या जबाबदार शिकाऱ्याचा पहिला नियम असा की प्राणी क्षणात मरणार नसेल, तर चाप ओढायचा नाही. रायफलच्या गोळीला वेग प्रचंड असतो, त्यामुळे तिच्या वाटेभोवतीच्या ऊतीही फाटतात. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वरच्या गोळीचा वेग त्या मानाने कमी असतो. ती ज्या वाटेने जाते तेवढीच जखम करते, म्हणून ती खोल गेली पाहिजे आणि हृदय किंवा फुप्फुसातूनच गेली पाहिजे. टोकाला पोकळी असलेली गोळी शरीरात शिरताच उमलते, भोक रुंद करते, पण ताकद कमी असेल तर उथळच थांबते. पूर्ण धातूचे आवरण असलेली गोळी आरपार जाते, मात्र मागे अरुंद छिद्र ठेवते आणि जखमी जनावर कित्येक किलोमीटर पळून तडफडत मरते. म्हणून तिथे हरणासाठी 1935 साली आलेले .357 मॅग्नम हे खालचे टोक मानतात आणि 1955 च्या सुमारास आलेल्या .44 मॅग्नमला पसंती देतात. दुसऱ्याची ऊर्जा हजार ज्यूलच्या वर जाते. भारतात परवान्यावर सर्रास मिळणाऱ्या .32 बोअरच्या रिव्हॉल्वरची ऊर्जा दीडशे ते पावणेदोनशे ज्यूलच्या घरात असते. ते काडतूस माणसापासून बचावासाठी आहे. हरणासाठी त्यातली कोणतीही गोळी निवडली तरी ती अपुरीच राहते.

काळवीट अमेरिकेतल्या हरणापेक्षा लहान असतो, नराचे वजन साधारण 35 ते 45 किलो, मग त्याला छोटी गोळी का पुरू नये, असा आक्षेप येईल. आकार लहान म्हणजे लक्ष्यही लहान. छातीतला मर्मभाग जेमतेम वितीएवढा, आणि हा प्राणी उघड्या माळावर डोळ्यांच्या भरवशावर जगतो. संशय आला की ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेगाने पळतो. रिव्हॉल्वरचा भरवशाचा नेम पन्नास मीटरच्या आत असतो, आणि उघड्या माळावर सावध कळपाने माणसाला तेवढे जवळ येऊ देणे अवघडच. पिकाची राखण रात्रीची, म्हणजे उजेडही नाही. त्यात माळ सपाट आहे, मागे गोळी अडवणारा डोंगर नाही. चुकलेली गोळी किलोमीटरभर सहज जाते, आणि आपल्याकडे शेतात वस्त्या आहेत, माळावर धनगरांचे वाडे आहेत. म्हणून आपल्या भूगोलात ही पद्धत जनावरासाठी क्रूर आणि माणसासाठी धोक्याची ठरते.

कायद्याची भूमिकाही या वस्तुस्थितीशी जुळते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पिकाचे नुकसान हे कारण तिथे धरलेच नाही. शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. शस्त्र कायदा, 1959 मध्ये पीक रक्षणाचा उल्लेख आहे, पण तो प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकीसाठी. म्हणजे रिव्हॉल्वर आणि पीक यांचा संबंध कायद्याने कधी मानलेला नाही.

मग अमेरिकेत शिकारीने हरणांची संख्या आटोक्यात राहते ती कशी, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तिथे हंगाम ठरलेला असतो, माद्या किती मारायच्या याचा कोटा असतो, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शस्त्रे व काडतुसांवरचा कर वन्यजीव व्यवस्थापनाकडे जातो. एकेकट्या शेतकऱ्याच्या गोळीत यातले काहीच नसते. शिवाय काळविटाच्या कळपात नजरेत भरतो तो काळाभोर नर, आणि गोळीही त्याच्यावरच जाते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून नर गेला तरी दुसरा त्याची जागा घेतो. संख्या माद्यांवर ठरते. परिणाम असा की प्राणी मरतात, गुन्हा घडतो आणि पुढच्या रब्बीत कळप तेवढाच राहतो.

कळप शेतात का येतो, याचे उत्तर जमिनीत आहे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य 1980 साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर. भोवतालचे गवताळ माळ नांगराखाली आले, कुकडीच्या कालव्याचे पाणी पोहोचले तिथे हिरवे पीक वाढले. चरायची जागा आक्रसत गेली, तेव्हा कळप पिकात उतरणारच. म्हणून इलाजही जमिनीवर आणि हिशेबात शोधावा लागेल. एकट्याच्या शेताला कुंपण घातले तर कळप शेजारच्या शेतात जातो. अनेक शेतांना मिळून सौर कुंपण घातले तर खर्च वाटला जातो आणि संरक्षणही टिकते. घरच्या विजेची तार मात्र कधीही जोडू नये, ती माणसांचे बळी घेते. हरणाने केलेल्या पीक नुकसानीची भरपाई देण्याची तरतूद राज्यात आहे. तक्रार लगेच नोंदवून पंचनामा करून घेणे आणि भरपाई वेळेत मिळावी म्हणून ग्रामसभेतून पाठपुरावा करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. संख्या खरोखरच फार झाली, तर स्थलांतराचा मार्गही आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात शाजापूर परिसरातून आठशेहून अधिक काळवीट हेलिकॉप्टरच्या मदतीने हाकून, पकडून संरक्षित जंगलांत सोडले गेले. खर्चिक असली तरी ही पद्धत जिवंत प्राण्यावर आणि कायद्याच्या चौकटीत चालते.

राखणीसाठी रात्र जागणाऱ्या शेतकऱ्याला कोणती गोळी वापरायची हे सांगणे म्हणजे त्याला कोर्टाच्या दारात उभे करणे आहे. त्याला हवे आहे ते वेळेवर पंचनामा, सामूहिक कुंपणाला अनुदान आणि अभयारण्याभोवतीच्या गायरानाचे गवत परत आणण्याची योजना. आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत काळविटाचा विषय निघाला, तर शस्त्र परवान्याऐवजी या तीन मागण्यांचा ठराव करून घ्यावा. सौर कुंपणाचा खर्च आणि त्याची निगा यांचा हिशेब पुढील लेखांकात पाहू.