चरबीसाठी फोडलेली हाडे

मध्यंतरी बाह्यरुग्ण विभागात एक तरुण आला. तीन आठवडे थकवा, डोकेदुखी, मळमळ. तपासण्यांत काही सापडले नाही. आहार विचारल्यावर उलगडा झाला. वजन उतरवायचे म्हणून तो फक्त उकडलेली कोंबडी आणि अंड्याचा पांढरा भाग खात होता. भात, भाकरी, तेल, तूप सगळे बंद. म्हणाला, "डॉक्टर, पोट भरतं, पण भूक जात नाही."

ते ऐकून मला जॅक ब्रिंक या कॅनडातील पुरातत्त्वज्ञाचे काम आठवले.

अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅक्लाउडजवळ 'हेड-स्मॅश्ड-इन बफलो जंप' नावाचा कडा आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले शिकारी लोक हजारो वर्षे येथे बायसनचे कळप कड्यावरून खाली लोटत. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद. या लोकांकडे घोडे नव्हते, बंदुका नव्हत्या. दगडांच्या छोट्या ढिगांच्या लांबच लांब रांगा, वाऱ्याची दिशा आणि जनावराच्या स्वभावाची जाण यांवर शिकार होई. कड्याखाली हाडांचे आणि दगडांचे थर सुमारे 10 मीटर जाडीचे आहेत. 1981 मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आले.

ब्रिंक यांनी येथे अनेक वर्षे उत्खनन केले. हाडांचा अक्षरशः चुरा सापडत होता. नळीतला मगज काढायला हाड एकदा फोडले तरी पुरते. मग हाडांची स्पंजासारखी टोकेही बारीक का कुटली? उत्तर होते चरबी. जमिनीत खड्डा खणायचा, आत कातडे अंथरून पाणी भरायचे, तापवलेले दगड टाकून ते उकळायचे आणि कुटलेल्या हाडांतून वर तरंगणारी चरबी काढून घ्यायची. तिथला वाळूचा दगड तापवला की भुगा होतो, म्हणून टणक दगड बाहेरून वाहून आणत. बायसनच्या पायाच्या कोणत्या हाडात किती चरबी असते, हे ब्रिंक यांनी मोजले आणि 1997 मध्ये प्रसिद्ध केले.

ढिगाने मांस समोर असताना एवढा खटाटोप कशाला? शरीर एकूण ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच प्रथिनांतून सुरक्षितपणे घेऊ शकते. प्रथिनांतल्या नायट्रोजनचे युरिया करण्याच्या यकृताच्या क्षमतेला मर्यादा असते. ती ओलांडली की मळमळ, जुलाब, अशक्तपणा येतो आणि पोट भरूनही भूक राहते. उत्तरेकडचे प्रवासी याला 'सशाची उपासमार' म्हणत, कारण सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच. हिवाळ्याअखेर बायसनही रोडावत. म्हणून वाळवून कुटलेल्या मांसात वितळलेली चरबी आणि कधी रानफळे घालून 'पेमिकन' करून ठेवत. ते महिनोन् महिने टिके.

ब्रिंक यांनी हे ज्ञान शोधनिबंधांपुरते ठेवले नाही. कड्यालगतच्या संग्रहालय-केंद्राच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. 1987 मध्ये ते खुले झाले. ब्लॅकफूट समाजातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला त्यासाठी घेतला गेला आणि तिथे पाहुण्यांना माहिती सांगतात तेही त्याच समाजाचे लोक. ब्रिंक यांचे 2008 चे पुस्तक प्रकाशकाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहे.

या कथेचा शेवट डॉक्टरला अस्वस्थ करतो. एकोणिसाव्या शतकात बेसुमार कत्तलीने बायसन जवळपास संपले. ज्यांचे सारे अन्न त्यांवर होते, त्यांच्या वाट्याला उपासमार आणि सरकारी शिधा आला. आज कॅनडाच्या मूळ रहिवाशांत मधुमेहाचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याला कारणे अनेक आहेत, पण 'यांचा जिभेवर ताबा नाही' एवढे म्हणून मोकळे होणे अन्याय्य आहे. आपल्या रुग्णांबाबतही आपण हेच करतो.

याचा अर्थ उद्यापासून तुपाचे डबे रिकामे करा, असा नाही. ती माणसे कडाक्याच्या थंडीत मैलोन् मैल चालत. आपण खुर्चीत बसतो. पण कुठलाही एक अन्नघटक ताटातून पूर्ण हद्दपार करण्याआधी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल तर नक्कीच. त्या तरुणाला मी औषध दिले नाही. भाकरी, उसळ आणि थोडे तेल परत सुरू करायला सांगितले. पंधरवड्याने तो आला, तेव्हा भुकेची तक्रार उरली नव्हती.